जॉबरदादाचं चौथं कडवं

(सगळ्यांनी मिळून)

आधी बूट सापडले. माणूस नाही.

ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर, मधल्या धक्क्याखाली, ओल्या वाळूत, काळ्या बुटांची एक जोडी. प्रत्येक बुटात एकेक मोजा, नीट गुंडाळून खोचलेला. आरामखुर्च्या भाड्यानं देणाऱ्यानं ती संध्याकाळी उचलली. भरती चढत होती आणि मागायला कुणी येत नव्हतं.

सकाळी बूट पोलीस चौकीत, सार्जंट विनिफ्रेड रॉथवेलच्या टेबलावर होते. टेबलापलीकडे एस्थर हिंडल बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"सेथचेच आहेत," ती म्हणाली. "टाचा मीच बदलून आणल्या होत्या. इथं यायचं म्हणून."

"तुमच्या नवऱ्याला शेवटचं कुठं पाहिलंत?"

"गाण्याच्या दुकानात. काल दुपारी."

गाण्याचं दुकान कोणतं, हे सार्जंटनं विचारलं नाही. चौकीच्या खिडकीतून ते उन्हाळाभर ऐकू येई. आत एक पियानो, भिंतीवर मोठ्या अक्षरांत गाण्याचे शब्द, पट्ट्यापट्ट्यांच्या कोटातला एक गाणारा. लोक आत शिरायचे, त्याच्यामागून ओरडून गायचे आणि जाताना छापील गाणं विकत घ्यायचे. यंदा सगळं शहर एकच गाणं गात होतं. गिरणीतल्या जॉबरचं. जॉबर म्हणजे मागांवरचा मिस्त्री. आणि जॉबर म्हणजे बावळट, हे गिरणीच्या गावांत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

जॉबर आमचा घड्याळ घेई,
काटे काढून ठेवी,
वेळ उगा झिजू नये
म्हणून जपून लावी!
हुप हुप हो, जॉबरदादा, हुप हुप हो!

"तुमचे यजमान काय काम करतात?"

"जॉबर आहे."

"मग गाण्याचा राग आला असेल."

"सेथला?" एस्थर जवळजवळ हसली. "जॉबरचे किस्से गावात सगळ्यात जास्त तोच सांगतो. आमच्या लग्नात इतके सांगितले की पाद्री खोकायला लागला. आणि यंदा तर आल्यापासून तोच मागं लागला होता. बुधवारी दुपारी चल म्हणून. एरवी गाण्याच्या वाटेला जात नाही."

"मग?"

"तीन कडवी तो गायला. चौथ्याला गप्प झाला. सगळे हसत होते, मीही हसत होते. मी त्याला कोपरानं ढोसलं. म्हटलं, ऐक, तुझंच गाणं! तो उठला. मला वाटलं, बिअर प्यायला."

"घरी काही भांडण? डोक्यात काही? हल्ली विसरतात वगैरे?"

"विसराळू आहेच. गेल्या हिवाळ्यात माझी चांगली छत्री चर्चमध्ये विसरून आला. परत गेला तर मिळाली नाही म्हणे."

"मुलं?"

"नाही."

एस्थरनं पर्स बंद केली. ती बंदच होती.

"सार्जंटबाई, छापील कागदावर कडवी तीनच आहेत," ती म्हणाली. "ते चौथं आमच्या गावातल्या कुणीतरी दिलं, आणि ते ऐकून माझा नवरा उठून गेला. तो समुद्रात असेल तर मी त्याला पुरेन. पण तो आहे की नाही ते मला शोधून द्या. आणि ते कडवं कुणी दिलं त्याचं नाव. मला त्या माणसाच्या दारात उभं राहायचंय."


(फक्त गाणाऱ्यानं)

सकाळच्या उजेडात गाणाऱ्या माँटी व्हेलचा पट्ट्यांचा कोट विटलेला दिसत होता आणि आवाज बसला होता. पियानोचं झाकण बंद होतं.

"चौथं कडवं म्हणा."

"आत्ता? चहाआधी?"

"म्हणा."

त्यानं घसा खाकरला. गाण्यासारखं न म्हणता, पाढ्यासारखं म्हटलं:

जॉबर आमचा बूट घेई,
दरसाल माप वाढे,
घालायाला पाय नाही,
तेल मात्र चोपडे!
गळक्या माळ्यावरती त्यांना
छत्री उघडून ठेवी,
हुप हुप हो, जॉबरदादा, हुप हुप हो!

"हे तुम्ही रचलंत?"

"यमक माझं. किस्सा त्यांचा. बाईसाहेब, दर शनिवारी इथं नवं गाव उतरतं. या आठवड्यात रॅम्सक्लफ. गिरणी बंद, बॉयलर थंड, अख्खं गाव कुलपं लावून समुद्रावर. आपल्या गावातलं काही ऐकलं की माणूस खिशात हात घालतो. म्हणून मी एक कडवं दर गावाचं निराळं जोडतो. कुणीतरी येऊन किस्सा सांगतं, मी त्याला एक छापील गाणं फुकट देतो."

"हा कुणी सांगितला?"

"टोपी आणि मिशी."

"म्हणजे?"

"म्हणजे समोर सगळ्या टोप्या आणि मिशाच होत्या हो!"

"नीट आठवा."

माँटीनं आठवलं. आठवताना त्याचा धंद्याचा चेहरा गळून पडला.

"तो हसला नाही. किस्से आणणारे सांगता सांगता स्वतःच फुटतात, मला अर्धं कळत नाही. हा बायबल वाचल्यासारखा सांगत होता. आणि भांडला माझ्याशी."

"कशावरून?"

"मी म्हटलं, दरसाल माप लहान होऊ दे. बूट आटत चाललेत, ते जास्त हसवतं. तो म्हणाला, नाही. वाढलंच पाहिजे. मी म्हटलं, काका, लोकांना हसवायचं मी ठरवतो. त्यानं माझं मनगट धरलं. वाढलंच पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, बरं बाबा, वाढू दे."

"छत्री तुमची?"

"छे. त्याचीच. मी तर ती काढायला बघत होतो, ओळीत मावत नव्हती."

"आणखी काही बोलला?"

"बुधवारी दुपारी गा म्हणाला. त्याआधी नको."

"आणि फुकटचं गाणं?"

"इथंच सोडून गेला." माँटी थोडा ओशाळला. "मी ते नंतर विकलं."


(फक्त पुरुषांनी, खालच्या पट्टीत)

ऐझॅक पिलिंग, रॅम्सक्लफचा बूटवाला. लाकडी तळाचे बूट करणारा. धक्क्यावर उभा राहून, खायला घेतलेल्या शिंपल्यांवर व्हिनेगर ओतत होता.

"सेथ हिंडल बूट तुमच्याकडून घेतो?"

"अख्खं गाव घेतं."

"स्वतःच्या मापाचे नसलेले?"

व्हिनेगरची बाटली खाली आली.

"दर मे महिन्यात एक जोडी. दरसाल एक माप मोठी."

"कुणासाठी?"

"कॅनडात पुतण्या आहे म्हणाला."

"तुम्हाला पटलं?"

"सेथला भाऊच नाही, सार्जंटबाई."

समुद्रपक्षी ओरडत होते. दूर दुकानात पियानो सुरू झाला.

"मग कुणासाठी?"

"त्याला मुलगा होता. एडविन. तीन वर्षांचा होऊन गेला. घटसर्प. एस्थरनं दुसऱ्या दिवशी पाळणा, कपडे, सगळं देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी मागावर उभी राहिली. तेव्हापासून त्या घरात ते नाव निघालं नाही. मग गावानंही काढलं नाही. मे महिन्यात त्याचा वाढदिवस यायचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मी बूट करतो. त्यानं माप सांगितलं, मी लाकूड कापलं. गेली काही वर्षं माप वाढत नाही. मी विचारलं नाही. पोरांचे पाय एका वयानंतर थांबतातच."

"मग काल दुकानात ते कडवं ऐकून तुम्हाला काय वाटलं?"

"मी बाहेर निघून आलो."

"ते तुम्ही दिलंत का?"

ऐझॅकचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"एवढी वर्षं मी बायकोला सांगितलं नाही. आणि इथं, या माकडाला सांगीन?"

"बूट कुठं ठेवले होते सेथनं?"

"देव जाणे. घरी नसणार. घरी एस्थर आहे."

"आणि छत्री?"

"कसली छत्री? ती त्या पट्ट्यांच्या कोटवाल्यानंच घुसडली असेल ना, यमकासाठी?"


(एकट्यानं)

सकाळपासून पोलिसांनी समुद्र पाहिला, इस्पितळं पाहिली, दारूची दुकानं पाहिली. अनवाणी माणूस कुणी पाहिला का, असं किनाऱ्यावर विचारून उपयोग नव्हता. ब्लॅकपूलच्या वाळूत निम्मं जग अनवाणी असतं.

सार्जंट रॉथवेल स्टेशनवर गेली. हमालाला तिनं एकच प्रश्न विचारला.

"रॅम्सक्लफला?" हमाल म्हणाला. "या आठवड्यात? तिथं मांजरसुद्धा नाही. गाडी रिकामी जाते." मग थांबला. "हां. काल एक गेला. अनवाणी. पँट गुडघ्यापर्यंत ओली. मी म्हटलंसुद्धा, काका, समुद्र इकडं आहे."


(फक्त बायकांनी)

डब्यात दोघीच होत्या. समोरून येणाऱ्या गाड्या गच्च भरलेल्या, खिडक्यांतून हात बाहेर, गाणी बाहेर.

"जिवंत आहेत," सार्जंट म्हणाली. "निदान काल संध्याकाळी होते."

एस्थरनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पुन्हा तीच होती.

"आणि नाव? ऐझॅक ना?"

"नाही. ऐझॅकला बूट माहीत होते, छत्री माहीत नव्हती. माँटीला छत्री नको होती. म्हणजे ती खरंच तिथं उभी आहे. गळक्या माळ्यावर, बुटांवर. ती त्यालाच माहीत, ज्यानं ती तिथं ठेवली. तुमची छत्री चर्चमध्ये हरवली नाही, मिसेस हिंडल."

"कसले बूट?"

सार्जंटनं सांगितलं. सगळं, ऐझॅकनं सांगितलं तसं. नावासकट. नाव ऐकून एस्थर हलली नाही. फक्त पर्सवरचे हात उलटे झाले, तळवे वर.

"किस्सा सांगणारा हसत नव्हता," सार्जंट पुढं म्हणाली. "माप लहान होऊ द्यायला तयार नव्हता. परक्याला काय फरक पडतो, बूट वाढले काय, आटले काय? बापाला पडतो. बुधवारी दुपारीच गा, असं त्यानं बजावलं. बुधवारी दुपारी तो तुम्हाला घेऊन येणार होता. ते कडवं सेथनंच दिलं."

"स्वतःची टिंगल कुणी स्वतः करून घेतं?"

"टिंगल नव्हती ती. तुम्हीच म्हणालात, लग्नातसुद्धा त्यांनी किस्सेच सांगितले. जॉबर तोंड उघडतो तेव्हा लोक हसायला तयार होऊन ऐकतात. पण ऐकतात. तुमच्याशी हे बोलायची दुसरी रीत त्यांना सापडली नसेल. गाण्यात का होईना, शेजारी बसून तुम्ही एकदा ऐकावं, एवढंच."

"आणि मी हसले."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"ढोसलं त्याला मी. म्हटलं, तुझंच गाणं."

गुन्हेगाराचं नाव सांगून झालं की सार्जंटला एरवी हलकं वाटे. आज तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

एस्थर आपल्या तळव्यांकडे पाहत होती. "मी नाव काढलं नाही ते त्याच्यासाठी. नाव काढलं की हा मोडेल, असं वाटायचं." तिनं ओठ चावला. "त्यालाही माझ्याबद्दल हेच वाटलं असेल, नाही?"

 


(पियानो थांबतो)

रॅम्सक्लफमध्ये एकाही धुराड्यातून धूर निघत नव्हता, आणि एरवी धुरात न दिसणारं सगळं स्वच्छ दिसत होतं. एस्थर स्टेशनबाहेर थबकली.

"ते डोंगर एवढे जवळ आहेत?"

एस्थरला ठाऊक असलेला गळका माळा एकच, गिरणीचा. तिथला बाजूचा दरवाजा नुसता लोटलेला होता. आत मागांच्या रांगा गप्प उभ्या. तिथं एस्थरच्या बुटांचा आवाज झाला तशी ती दचकली. एवढ्या वर्षांत तिनं इथं स्वतःचं पाऊल कधी ऐकलं नव्हतं.

जिना. मग शिडी. मग माळा.

सेथ हिंडल खिडकीखाली बसला होता. मांडीवर उघडी छत्री, हातात मेणाचा दोरा. त्याच्यामागं भिंतीशी लाकडी बुटांची रांग, चिमुकल्या जोडीपासून सुरू झालेली. सगळ्यांवर तेलाची चकाकी. रांगेतली शेवटची जोडी त्याच्या पायांत होती.

त्यानं वर पाहिलं. आधी सार्जंटकडे, मग बायकोकडे.

"पाण्यात गेलो होतो," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत. मग आठवलं, छत्रीला भोक पडलंय."

 सार्जंट शिडीवरच थांबली, डोकं तेवढं वर.

एस्थर रांगेजवळ गेली. वाकली. कशालाही हात लावला नाही. चालत चालत शेवटापर्यंत आली आणि नवऱ्याच्या पायांकडे पाहत उभी राहिली.

"हे तुझ्या मापाचे आहेत."

"हो. आता माझ्याएवढा झाला असता."

"नाही."

सेथनं दोरा खाली ठेवला.

"नाही," एस्थर पुन्हा म्हणाली, आणि आता तिचा आवाज धड निघत नव्हता, तरी ती भांडतच होती. "एडविनचे पाय तुझ्यावर नव्हते गेले. माझ्या बापावर गेले होते. जन्मला तेव्हाच सुईण म्हणाली होती, पंजे बघा केवढे. एक माप मोठे घ्यायला हवे होतेस, बावळटा."

"मला ठाऊक नव्हतं."

"तू विचारलं नाहीस."

"तू..." तो म्हणाला.

एस्थरनं पर्स जमिनीवर ठेवली. स्कर्ट सावरून, धुळीत, त्याच्या शेजारी बसली.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "पहिल्यापासून दाखव."