बारवेची एकोणिसावी परात

"मोजून परत आण रे," नंदाबाई आजी झारा पुढे करत म्हणाल्या. "तुमच्या घराचं काय सांगावं."

एका झाऱ्यात मोजायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. धम्मपालने मान खाली घालून झारा घेतला आणि तो फाटकाबाहेर पडला. ओसरीवर कैरी खात बसलेल्या शीतल आणि प्रेमने हे सगळं ऐकलं. दोघं नंदाबाईंची नातवंडं. दर उन्हाळ्यात बदनापूरहून डोंगरझरीला यायची, आणि गावात पाऊल ठेवल्यापासून निघेपर्यंत धम्मपालला चिकटलेली असायची. दोघं त्याच्यामागे पळाली.

"आजी असं का बोलली?" प्रेमने विचारलं. तो दहा वर्षांचा होता आणि प्रश्न विचारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सगळेच बोलतेत," धम्मपाल म्हणाला. "आमचं घर म्हंजे भांडेबुडवं. परवा आमच्या प्रियाताईचं लग्न हाये, तर आजोबा म्हणून राह्यले, गावात चमचाबी मागू नका, सगळं राजूरहून आणा. मायनं गुपचूप झारा आणाया धाडलं."

ही गोष्ट शीतललाही अर्धवट माहीत होती. डोंगरझरीच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, सात आसरा राहतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या बहिणी. पूर्वी कुणाच्या घरी लग्न असलं की आदल्या दिवशी बारवेत वाकून ओरडायचं, 'कार्य अमक्याचं, पंगत इतक्या माणसांची.' सकाळी पायऱ्यांवर घासूनपुसून लख्ख भांडी हजर. काम झालं की धुऊन परत पाण्यात सोडायची.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात बारवेने शेवटची भांडी दिली. दोन लग्नं होती. पहिलं शीतलच्या आजोबांचं, तातेरावांचं. दुसरं धम्मपालच्या आजोबांचं, राजानंद यांचं. राजानंद यांच्या लग्नाला गावातल्या एकाही घराने भांडी दिली नव्हती. बारवेने दिली. बारव जात विचारत नसे, फक्त माणसं किती ते विचारी. त्यानंतर भांडी येणं बंद झालं ते झालंच. एक परात परत गेली नाही, एवढंच गावाला कळलं. ती कुणी बुडवली याचा निकाल गावाने पारावर बसून पाच मिनिटांत लावला.

"पण बारवेला कुणी विचारलं का?" शीतल म्हणाली.

धम्मपाल तिच्याकडे बघतच राहिला. पंचेचाळीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मोठ्या माणसांचं हे असंच असतं.

भर दुपारी तिघं बारवेच्या पायऱ्या उतरली. खाली गार होतं. शीतलने घसा साफ केला आणि पाण्यात वाकून ओरडली, "कार्य प्रियाताईचं. पंगत तीनशे माणसांची."

पाणी हललं. मग खालून एक जांभई ऐकू आली.

"कोण हाय गं? जरा डोळा लागला होता."

"पोरं हायेत. भांडी मागू राह्यले."

"आधी आपली परात आणा म्हणाव."

"मी म्हणते, आधी माफी मागा म्हणाव."

"तू गप. नेहमी तूच पहिली बोलतीस."

सात बायका एकदम बोलायला लागल्या. प्रेम धम्मपालच्या पाठीमागे लपला, पण प्रश्न काही त्याच्या पोटात राहिला नाही. "परात कुणाकडं आहे?" त्याने लपूनच विचारलं.

मग एक आवाज जरा मऊ होऊन म्हणाला, "बघा गं, विचारलं कुणीतरी. राजानंदनं अठरा नेल्या, अठरा आणल्या. त्याच्या मायनं राखेनं घासून आणल्या बिचारीनं. त्याच्या आधीच्या लग्नात एकोणीस गेल्या आन् अठराच आल्या. वाट बघितली, न्हाई आली, मग भांडी बंद केली. तळाशी सात ठिपके असतेत. जावा, हुडका."

राजानंदच्या आधीचं लग्न तातेरावांचं. शीतलची कानशिलं तापली. धम्मपाल तिच्याकडे न बघता पायऱ्या चढू लागला, आणि तेच तिला जास्त लागलं.

"कुणाकडंही गेली असेल तिथून," ती घाईने म्हणाली. "सगळं गाव बघू."

'माझ्या गावातील जुनी भांडी' हा शाळेचा प्रकल्प असल्याचं तिने जाहीर केलं. प्रकल्प म्हटलं की मोठी माणसं काहीही दाखवतात. संध्याकाळपर्यंत तिघांनी एकतीस घरांतल्या पराती उलट्या करून पाहिल्या. एकीला भोक होतं, एकीत चार कोंबडीची पिल्लं होती, आणि एकीखाली घरमालकाने बायकोपासून लपवलेली तंबाखूची पुडी सापडली. त्यावरून त्या घरात जे भांडण लागलं ते तिघं निघाली तरी चालूच होतं. ठिपके मात्र कुठेच नव्हते.

आता राहिली एकच परात. ती शीतलच्या आजीच्याच गच्चीवर होती आणि तिच्यात नंदाबाईंनी लोणच्याच्या कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून ठेवल्या होत्या. शीतलला तिथे जायचंच नव्हतं. प्रेम मात्र सरळ वर गेला, तळ बघायला त्याने परात डोक्यावर उचलली, आणि निम्मं लोणचं अंगावर घेतलं.

"एक, दोन, तीन," पिवळाधमक प्रेम मोजू लागला. "सात आहेत, ताई."

काठावर पणजोबांच्या नावाने कोरलेलं होतं: 'चि. तातेराव यास शुभविवाहप्रीत्यर्थ बद्रीनाथ यांजकडून सप्रेम भेट.'

"मेल्या, माझ्या फोडी!" नंदाबाई धावत आल्या. शीतलने नावाकडे बोट दाखवलं तेव्हा त्या फोडी वेचता वेचता सहज म्हणाल्या, "लग्नात भांड्यावर नावं घालणारा बसवला होता की. अंगणात दिसंल त्या भांड्यावर घालत गेला. मामंजी म्हणले, बराबर झालं, एकबी सुटलं न्हाई."

हे एवढं साधं होतं. बारवेची एक परात चुकून अंगणातल्या आहेरात मिसळली होती. नाव पडलं म्हणून परात घरची झाली, आणि घरची झाली म्हणून कुणी तळ पाहिला नाही. शीतलने याच परातीत मळलेल्या कणकेच्या पोळ्या दर उन्हाळ्यात खाल्ल्या होत्या. तिला रडू आलं.

तातेराव आजोबा ऐकायला तयार नव्हते. "बिलकुल न्हाई. माझ्या बापाचं नाव हाये तिच्यावर. ठिपके काय, कुणाच्याबी भांड्याला असतेत. जेव आन् झोप."

शीतल जेवली, पण झोपण्याआधी तिने बराच विचार केला.

सकाळी ती आजोबांसमोर वही घेऊन उभी राहिली. "आजोबा, अख्ख्या गावात तुमच्याइतकी देखणी परात नाही. प्रकल्पात पहिला फोटो तुमचाच. बारवेच्या पायरीवर, परात हातात धरून. मागून ऊन छान येतं."

तातेरावांनी फेटा बांधला. मिशीला तेल लावलं. परात चिंचेने घासून घेतली आणि ते स्वतः ती डोक्यावर धरून निघाले. फोटो निघतोय म्हटल्यावर पारावरचं गाव मागे आलंच. धम्मपालने मोठ्या मिनतवारीने राजानंद आजोबांनाही आणलं होतं. ते सगळ्यांच्या मागे, लिंबाखाली उभे राहिले.

"अजून एक पायरी खाली," शीतल मोबाइल धरून म्हणत होती. "अजून एक. आता जरा वाका."

परातीचा काठ पाण्याला टेकला.

"आली गं," बारवेतून आवाज आला. "एकोणिसावी आली."

"बघू. अगं बाई, ही कुणाच्या बापाचं नाव घालून आणली?"

"मिशीवाल्याच्या."

"ए मिशीवाल्या, आमच्या परातीत लोणचं घालतोस व्हय? वास येऊ राह्यला."

तातेराव पायरीवर मटकन बसले. फेटा पाण्यात पडला आणि खालून कुणीतरी तो लगेच वर फेकला. "हे नको आम्हाला. आम्ही दुसऱ्याचं ठेवून घेत न्हाई."

सगळं गाव ऐकत होतं. कुणी हसलं नाही. आवाज पुढे म्हणाला, "राजानंदनं अठरा नेल्या, अठरा आणल्या. कुणी विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

तातेरावांनी ओला फेटा पिळून खांद्यावर टाकला. मग परात पाण्यात सोडून ते उठले आणि एकेक पायरी चढत लिंबाखाली गेले.

"राजानंदभाऊ, परात माझ्याच घरात होती," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं तुमचं नाव घेतलं आम्ही. माझं चुकलं."

राजानंद आजोबांनी चष्मा काढून पुसला. "माझी माय हे ऐकाया पायजे होती, तातेराव," ते म्हणाले. "मरेस्तोवर म्हणायची, मी मोजून दिल्ती रे. मला सोडून कुणी तिचं ऐकलं न्हाई."

नंदाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि खालमानेने धम्मपालच्या डोक्यावरून हात फिरवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी बारवेच्या पायऱ्यांवर पातेली, घंगाळी, पळ्या आणि एकोणीस पराती उन्हात चमकत होत्या. नाव कोरलेली परात त्यांत होती, पण काठ आता गुळगुळीत होता. भांडी डोक्यावर वाहून नेणाऱ्यांत सर्वांत पुढे तातेराव होते, आणि दर दहा पावलांवर ते मोजत होते.

पंगत बसायच्या आधी राजानंद आजोबांनी शीतल, प्रेम आणि धम्मपालला पहिल्या पाटांवर बसवलं. गावातले मोठे लोक उभेच राहिले. आजोबांनी स्वतः वाकून तिघांच्या ताटात बुंदी वाढली.

"गावात एवढे शहाणे माणसं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण विचारलं ते या तीन लेकरांनी. आज माझी माय खरी ठरली."

मग ते तिघांच्या शेजारी बसले, आणि तातेरावांनी त्यांना वाढलं.