सुलैबियाच्या वाळूवरची बर्फगाडी

ही घटना खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल पुढे जावं. अमावास्या, पिंपळ आणि पांढरी साडी यांच्यापलीकडे ज्यांची अक्कल जात नाही, त्यांच्यासाठी ही नाहीच.

कारण इथे रात्र नाही.

सन १९६५. जून महिना. शुक्रवारची दुपार, जुम्म्याची नमाज नुकतीच झालेली. जागा कुवेत, सुलैबियाच्या पलीकडची मोकळी वाळू. ऊन असं की उघड्यावर ठेवलेल्या लोखंडाला हात लावायची सोय नाही.

आमच्या हर्णैजवळच्या गावचा यूसुफ तेव्हा कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीत राहायचा. जुन्या गाड्या घ्यायच्या, ठाकठीक करायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याच्या मते विकणारे सगळे चोर, घेणारे सगळे गाढव आणि शहाणा तेवढा तो एकटा. उंटावरचा शहाणा आपण नुसता म्हणीत ऐकतो. यूसुफ तर उंटांच्या मुलखातच जाऊन बसला होता.

आणि त्याचा मेहुणा झहूर. बहीण झुलेखाचा नवरा. वर्षभरापूर्वीच आलेला, सरळ आणि जरा भित्रा. झुलेखाने त्याला बोटीवर चढवताना भावाला निरोप धाडला होता, "ह्यांना तुमच्या भरवशावर धाडतंय, भाय. परत आणून माज्या दारात उभे करा."

यूसुफ तो निरोप हसत हसत चारचौघांत सांगायचा. नवरा आहे की उसनं दिलेलं भांडं, म्हणायचा.

त्या जूनमध्ये अहमदीतला एक कॅनडाचा साहेब कायमचा घरी निघाला. तेलाच्या कामावरचा इंजिनियर. सामान विकायला काढलं होतं. त्यात एक अजब गाडी होती. पुढे चाकांऐवजी दोन लोखंडी पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, वर दोघांपुरती लांब सीट. बर्फावर पळणारी. वाळू काय नि बर्फ काय, दोन्ही घसरतातच, असं म्हणून त्या शहाण्याने ती इथवर आणली होती. आणली आणि पत्र्याच्या शेडमध्ये कोंडून ठेवली.

यूसुफच्या डोक्यात लगेच दिवा पेटला. शुक्रवारी वाळवंटात तंबू ठोकून बसणारी श्रीमंत पोरं यावर फेऱ्या मारायला रांगा लावतील. ही चालली की कॅनडाहून आणखी चार जुन्या मागवायच्या.

जुनी गाडी पारखायची यूसुफची एक रीत होती. आधी इंजिनावर हात. कोमट लागलं, तर मालकाने गिऱ्हाईक यायच्या आधी गुपचूप चालू करून ठेवलंय. म्हणजे गार असताना ते दाद देत नाही. लबाडी. इंजिन गार लागलं, तर मालक सच्चा.

साहेब शेडच्या दारातच थांबला. आत आलाच नाही.

यूसुफने इंजिनावर हात ठेवला...

गार.

नुसतं गार नाही. तळहात क्षणभर चिकटला.

जूनच्या दुपारी, बंद पत्र्याच्या शेडमध्ये! शेंबड्या पोरानेही हात झटकून बाहेर धूम ठोकली असती. यूसुफ खूश झाला. झहूरच्या कानात म्हणाला, "बघ. माणूस सच्चा हाय."

साहेब दारातून बोलला, "मीही ही जुनीच घेतली होती. आधी ज्याची होती तो गोठलेल्या तळ्यावर..."

यूसुफने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मागच्या मालकाच्या कहाण्या भाव चढवायला सांगतात, हे त्याला ठाऊक होतं ना!

 गाडी पिकअपवर चढेपर्यंत तो अंगणातच उभा होता. ती फाटकाबाहेर पडली, तेव्हा खाली उकिडवा बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. यूसुफला वाटलं, उन्हाने.

मिरकाबच्या आवारात गाडी दोन दिवस होती. तिथे गाड्यांच्या सावलीत मांजरं झोपायची. त्या दोन दिवसांत...

एकही मांजर फिरकलं नाही.

सकाळी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसायचं. झहूर पुसायचा, पुन्हा साचायचं.

"यूसुफभाय, ह्या इंजिनात पाणी घालायची जागाच नाय. मग ह्या पाणी कुठून येतंय?"

"तुज्या घामाचं असेल."

"आणि सीट मागच्या बाजूला ओली लागते. पुढे नाय... फक्त मागे. जसा कोण भिजून बसलेला हाय."

यूसुफ पोट धरून हसला. शुक्रवारी वाळूवर गाडी उतरवल्यावर झहूरने पुन्हा तोंड उघडलं. "आज नको. माजा जीव ऱ्हात नाय."

"बायकोच्या पदराला बांधून घरीच ठेवायला हवा होता तुला," यूसुफ म्हणाला. "तुज्याच्याने व्हत नसेल तर तसा सांग. मी झुलेखाला कळवतो, तुजा मरद इंजिनाला भितो."

एवढं ऐकल्यावर कोण मागे हटेल? झहूर सीटवर बसला, बिस्मिल्ला म्हणून त्याने इंजिनाची दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला चालू झालं.

गाडी पळाली. खरंच पळाली. वाळूचा फवारा मागे उडाला. यूसुफ मनातल्या मनात आणखी चार गाड्या मागवून मोकळा झाला. झहूर टेकाड चढला आणि पलीकडे उतरला.

फटफट ऐकू येत होती.

लांब गेली... वळली... जवळ आली...

थांबली.

वारा नाही. माशी नाही. काहीच नाही.

आणि मग यूसुफच्या पायाखाली काहीतरी तडकलं.

जाड काच तडकावी तसं. आवाज वाळूच्या आतून आला. पायाखालून निघाला आणि टेकाडाच्या दिशेने सरकत गेला... कडाड... कडाड...

मग एकच आवाज.

डुबुक.

हर्णैच्या माणसाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. होडीतून माणूस पाण्यात पडला की असाच आवाज येतो. पण तिथून समुद्र कित्येक कोस लांब होता. वाळूत एक थेंब पाणी नव्हतं.

यूसुफ धावला. आयुष्यात पहिल्यांदा कसलाही विचार न करता धावला.

पलीकडे गाडी सरळ उभी होती. ना उलटलेली, ना रुतलेली. झहूर सीटवर पुढे बसलेला. दोन्ही हात हँडलवर.

डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता.

ओठ निळे. दाढीच्या केसांत पांढरं काहीतरी चमकत होतं. सभोवतालची वाळू मात्र कोरडी ठणठणीत. यूसुफने त्याला मिठी मारून खाली ओढायला घेतलं, हाका मारल्या, छाती चोळली. बोटं हँडलवरून सुटेनात. एकेक उकलावं लागलं.

झहूर गेला होता.

पिकअपमध्ये घालेपर्यंत कपडे उन्हाने वाळले. दाढीतलं पांढरंही गेलं. सुलैबियाच्या रस्त्यावर माणसं भेटली, पण दाखवायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरने लांबूनच बघितलं आणि ऊन लागलं म्हणून सांगितलं. जूनमध्ये तिथे दर दोन-चार दिवसांनी कोणी ना कोणी उन्हाने मरत होतं. त्याला कशाला जास्त चौकशी हवी?

मय्यत धुवायला गावचा नूरुद्दीन आला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेव्हा एवढं कढत असतं की गार पाण्याचं विसण घातल्याशिवाय वापरता येत नाही. नूरुद्दीनने विसण घालून फळीवरच्या मय्यतीवर पाणी ओतलं. मग थांबला. दुसरा तांब्या विसण न घालताच ओतला.

"यूसुफ, पाणी वरून ऊन जातंय," तो हळूच म्हणाला, "आणि फळीवरून खाली येताना..."

 यूसुफने फळीखाली पाय सरकवला. पाय बधिर झाला.

झहूरला कुवेतमध्येच दफन केलं. गाडीचं काय करायचं, हे बघायला यूसुफ तिसऱ्या दिवशी वाळूत परत गेला. गाडी नव्हती. कोणी पळवली असेल, ओढून नेली असेल. फक्त नेल्याच्या खुणा नव्हत्या.

तो गावी आला तेव्हा झुलेखाची इद्दत, नवऱ्यामागे घरात बसायची चार महिने दहा दिवसांची मुदत, संपली होती. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "भाय, तहानेन गेले ना ते? उन्हात, तडफडून? शेवटाला त्यांच्या तोंडात थंड पाणी तरी पडला का?"

ज्याच्याकडे प्रत्येकाला चूप करायला उत्तर तयार असायचं, त्या यूसुफने बहिणीकडे न बघताच तोंड उघडलं.

"पडला," तो म्हणाला.

झुलेखाला बरं वाटलं. तेव्हापासून ती दर उन्हाळ्यात नवऱ्याच्या नावाने दारात पाण्याचा माठ ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावं, त्याचं पुण्य झहूरला लागावं, म्हणून. नुसत्या माठाने तिचं समाधान होत नाही. हर्णै बंदरावरून मासळीच्या बर्फाची लादी मागवते, फोडते आणि माठात टाकते.

यूसुफने एकदा तिचा हात धरला. "बर्फ नको टाकू, झुलेखा."

"का?"

 त्याने तिचा हात सोडला.

मला मात्र त्याने सगळं सांगितलं, एकदाच, आणि पुन्हा विषय काढू दिला नाही. तुम्हाला हसायचं असेल तर हसा. ती अजून रोज बर्फ टाकते. भर मे महिन्यात मी त्या दारावरून जातो. घसा कोरडा पडलेला असतो. ती हाक मारते, "प्या ना, त्यांच्या नावाचा हाय."

मी थांबत नाही.