उजवा शॉकअप

श्रावणातली भुरभुर अंगावर घेत आवडा गारखेड्याच्या वळणावर थांबली, ती काही कडूबाला पाहायला नव्हे. गतिरोधकावर तिच्या मोटारसायकलचं तोंड खाली गेलं अन् सलवारीवर काळं तेल उडालं. समोरच कडूबाचं गॅरेज.

"पुढचे शॉकअप गळतायत," तो म्हणाला. नजर शॉकअपवर नव्हती.

"ते खाली आहेत, मिस्तरी."

"व्हय... दिसले."

त्यानं डाव्या शॉकअपचा खालचा स्क्रू काढला. "ब्रेक धरा अन् हँडल दाबत राहा." ती दाबत राहिली. दर दाबाला काळी पिचकारी ताटलीत पडायची, अन् दोघांना उगाच हसू यायचं. मग तेल अडवणारं नवं सील बसलं, नवं तेल मोजून गेलं.

"दोन्हीकडं सारखं पाहिजे. नाहीतर गाडी ओढती."

"कुणाकडं?"

"जिकडं... मन आसंल तिकडं."

उजव्याची पाळी आली तेव्हा कडूबानं मनात हिशेब केला: काम संपलं, की पोरगी गेली.

"उजव्याचं सील नाय. शुक्रवारी या. तोवर हळू चालवा."

सील त्याच्या खिशात होतं.

शुक्रवारीही ते 'आलं' नाही. पुढच्या खेपेला चहा मात्र आला. प्रेमात पडलेला मिस्तरी गाडी लवकर बरी करत नाही, हे गिऱ्हाइकांनी ध्यानात ठेवावं.

हळू चालवायचं आवडाला ठाऊक होतं. तिच्या धाकट्या भावाला, बद्रीनाथला, कुणी सांगितलंच नव्हतं. तो गाडी घेऊन देवगाव रंगारीला निघाला. वाटेत म्हैस आडवी आली, त्यानं करकचून ब्रेक दाबला, पुढचं चाक एका अंगाला ओढलं गेलं... बद्रीनाथ जागीच गेला.

लोकांनी म्हशीला बोल लावला. तिरडीला कडूबानं खांदा दिला, तो आवडाच्या वडिलांच्या, आप्पासाहेबांच्या नजरेत भरला. घरात मौत झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं. नाहीतर तीन वर्षं थांबा. आप्पासाहेबांनीच निरोप धाडला: पोरीचं मन आम्हाला कळतं, बोलणी करायला या.

गप्प बसला असता, तर कडूबाला सगळं मिळत होतं. तो आवडाला गॅरेजमागं घेऊन गेला. ती लाजत उभी राहिली. तिला वाटलं, आता तो ते बोलणार...

"आवडा, सील माझ्या खिशात होतं. पहिल्या दिवसापास्नं."



"मला कळलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेनंतर मी स्पेअर पार्टवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मिस्तरी सीलची जोडीच घेऊन गेलेत. मला तेव्हा... लई गोड वाटलं, कडूबा."

आवाज तिथंच तुटला. त्यानं तिला रडू दिलं. जवळ घ्यायची त्याची हिंमत झाली नाही.

"तुझं आप्पांना सांगू नको," तो म्हणाला. "माझं मी सांगतो."

"दोघांचं आहे. दोघं सांगू."

"उंबऱ्याच्या आत घेणार नाय ते."

"मग दोघंही बाहेर राहू," आवडा म्हणाली, अन् भर रस्त्यानं त्याचा तेलकट हात धरून घराकडे चालू लागली.