एकतीस नंबरची दोन पाकिटं

रहाटणीत पिठाच्या गिरणीवर विजयश्रीबाईंची एका खोलीची कचेरी होती. हरवलेली माणसं, फसवे जावई, सगळं त्या शोधत. भाचा समाधान त्यांची रिक्षा चालवी आणि शंका काढी, दोन्ही सावकाश.

त्या सकाळी महाळुंग्याहून जाईबाई आल्या. कामगारांच्या मदत फंडाच्या खजिनदार.

"बाई, पेटीत पैसे जास्त निघालेत."

समाधान हसला. "लोक कमी निघाल्यावर येतात, काकू!"

"हसू नगंस. तिकडं लढाई लागली, जहाजं अडकली. माल गोदामात पडून. गेल्या महिन्यात कंपनीनं पंधरा नावांची यादी लावून माणसं घरी बसवली. फंडाचे आठवड्याचे सलग तीन हप्ते चुकले की नाव कटतं. मग दवाखान्याला, मयतीला मदत न्हाई. पण पेटीत सगळ्यांची पाकिटं! वाटलं, उसनवारी करून भरली असतील. या खेपेला विचारलं, तर म्हणत्यात आमी न्हाई भरलं. आता लोकांना वाटतंय, जाईबाईनंच कायतरी भानगड केली. रविवारच्या सभेत मला काढणार."

"पेटी कुठं असते?"

"किराणा दुकानाबाहेर. नंबर लिहून पाकीट टाकायचं."

विजयश्रीबाईंनी पाकिटं पसरली. "यात एकतीस नंबरची दोन आहेत."

"सोपानरावाचा नंबर. दोन तारखेला त्याला परत कामावर घेतलं, म्हणून त्यानं स्वतः भरलं. दुसरं कुणाचं, देव जाणे."

"सगळ्यांचे नंबर कुणाला पाठ?"

"समितीतल्या आमा चौघांना."

तिघांना घेऊन रिक्षा महाळुंग्याला निघाली. मुकादम अर्जुनराव गेटवरच भेटले. "मी भरतोय? राव, माझाच ओव्हरटाइम बंद! सोपानला परत बोलवायलासुद्धा साहेबाच्या चार विनवण्या केल्या."

कँटीनमधली वर्षाली म्हणाली, "सोपानभाऊ? दोन तारखेपासून रोज दोन चपात्या जास्त मागतात. घरी बसून भूक वाढली म्हणे."

समितीतले चौथे दत्तोबा. यादी लागली त्याच आठवड्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले, तेव्हापासून रहाटणीत लेकीकडे, पूनमकडे, होते. संध्याकाळी तिघंही तिथं पोचले.

"या या! पोरं कशी हायेत? सोपान्या बसलाय का अजून घरी?" काळ्या चष्म्याआडून म्हातारा म्हणाला.

"तुमचा हप्ता कोण भरतं, बाबा?"

"पूनम. ती कामाला महाळुंग्यालाच जाती, दुसऱ्या कंपनीत."

विजयश्रीबाई हसल्या. "मग पूनम पेटीत एकच पाकीट नाही टाकत. सोळा टाकते."

समाधान चक्रावला. "मावशी, हे कसं?"

"सोपान कामावर आला, हे अर्जुनरावांना माहीत, कारण त्यांनीच बोलावलं. वर्षाली त्याला रोज वाढते. जाईबाईंनाही ठाऊक. यातलं कुणी त्याचं पाकीट भरेल का? यादी माहीत, नंबर पाठ, पण सोपान परतल्याची खबर नाही, असा माणूस एकच. आत्ताच त्यानं विचारलं, सोपान्या घरी आहे का."

दत्तोबांनी मान खाली घातली. "कुवेतच्या लढाईत आमचं भोसरीचं वर्कशॉप बसलं. हप्ते थांबले, तेव्हाचा फंड मोडला. त्याच महिन्यात पूनमची आई गेली. खांदा द्यायला माणसं होती, सरणाला पैसा नव्हता. पेन्शन येती माझी. म्हटलं, ह्या खेपेला फंड मोडू द्यायचा न्हाई."

"अन् मला चोर ठरवत व्हते, ते?" जाईबाई कडाडल्या.

"मला काय ठाव? इथं बसून भिंतीच बघतोय."

"निदान मला सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं, तर निम्मे तूच भरले असतेस. तुझ्या पोरीची बारावी हाय."

जाईबाईंनी पदर खोचला. म्हणाल्या, "रविवारी सभेला यायचं. लढाई संपेस्तोवर कुणाचं नाव कटणार न्हाई, असा ठराव मांडते मी."

"मांड की. खजिनदार तूच हायेस," म्हातारा म्हणाला. "पहिला हात माझा वर."