भिंतीवरचं चौथं नाव

सायरन वाजला तेव्हा क्षिप्रा मैदानाच्या मधोमध उभी राहून फोटो काढत होती. पाऊस नव्हता, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. तेवढ्यात एकजण धावत आला आणि इंग्रजीत म्हणाला, "विजेचा इशारा आहे. मैदान सोडायचं असतं!" मग तिच्या गळ्यातलं पाहुण्यांचं कार्ड वाचून एकदम मराठीत, "क्षिप्रा दामले? अगं मग पळ ना!"

ती पळाली. दोघं शेडखाली पोचतात न पोचतात तोच आभाळ फुटलं. समोरचा गोलपोस्टसुद्धा दिसेनासा झाला. शेडच्या दुसऱ्या टोकाला शाळेची फुटबॉल टीम पाणी पीत उभी होती. आपल्या कोचने कुणाला तरी पळायला लावलं आणि ती पळालीही, याची त्या पोरांना फार गंमत वाटत होती.

"अनोळखी माणसाला तुम्ही पहिल्याच वाक्यात अगं म्हणता?" क्षिप्राने ओढणीने चष्मा पुसत विचारलं.

"सॉरी. म्हणजे... इथे शाळेत आम्हाला एकच यू शिकवला. तू आणि तुम्ही यांचा माझा नेहमी घोळ होतो. मी निहार. या टीमचा कोच." तो जरा थांबला. "तुम्हाला चष्मा नसताना दिसतं?"

"नाही."

"बरं झालं. माझे बूट फार घाण आहेत."

ती हसली नाही. पण चष्मा लावल्यावर तिने आधी बूटच पाहिले.

क्षिप्रा पुण्याहून सिंगापूरला आली त्याला काही वर्षं झाली होती. मरीन परेडला एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट, आणि प्रदर्शनं मांडणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी. संस्था बंद होताना तिच्या आठवणी नीट मांडून देणं हे तिचं काम. तंजोंग लिमाऊ सेकंडरी स्कूल वर्षअखेरीस दुसऱ्या शाळेत विलीन होणार होती. नव्या शाळेत हॉकी होती, फुटबॉल नव्हता. म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या समितीला आठवण म्हणून एक भिंत हवी होती — फुटबॉलच्या कोचेसची. क्षिप्राला कुठल्याच शाळेचं, कुठल्याच टीमचं फार काही वाटत नसे. काम करायचं, फोटो सरळ लावायचे, निघायचं.

"तीन कोच," ती म्हणाली. "मिस्टर समद, मिस्टर रॉड्रिग्ज, आणि तुम्ही."

"चार."

"समितीने मला तीन सांगितलेत."

"मग समितीला मोजता येत नाही." पावसाच्या आवाजावर आवाज चढवून तो बोलत होता, तरी चिडलेला वाटत नव्हता. "रॉड्रिग्ज सर एक वर्ष हॉस्पिटलमध्ये होते. तेव्हा आम्हाला मॅडम कोह यांनी शिकवलं. केमिस्ट्रीच्या टीचर. आणि झोनची शील्ड आम्ही त्याच वर्षी जिंकलो. ती शील्डही सरांच्याच नावाखाली ठेवलीय."

"तुम्ही होतात त्या टीममध्ये?"

"गोलकीपर. राखीव." मग जरा वेळाने, "फार राखीव."

यावेळी ती हसली.

मॅडम कोहना भेटायला ती रविवारी गेली. एकटीच जाणार होती. पण निहार म्हणाला, चेर अनोळखी माणसाशी बोलत नाहीत. इथली मुलं टीचरला चेर म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, म्हातारी त्यांच्या आधीच येऊन बसली होती. ठेंगणी, पांढरे आखूड केस, पुढ्यात कोपी, म्हणजे इथली कॉफी.

"नोटबुक-बिटबुक काही मागू नकोस," त्या इंग्रजीत म्हणाल्या, इथल्या पद्धतीने वाक्यामागे ला लावत. "मला फुटबॉल येत नव्हता, ला. पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय? प्रत्येकाने वेगळं सांगितलं. मग मला कळलं, यांनाही येत नाही."

"मग शिकवलं कसं?"

मॅडम कोहनी टेबलावरच्या मिरचीच्या सॉसची बाटली पुढे ओढली, सोया सॉस मागे, कप, चमचे, निहारचा ग्लास... बघता बघता टेबलावर टीम उभी राहिली. प्रयोगशाळेत असंच करायचे, त्या म्हणाल्या, फक्त परीक्षानळ्या घेऊन. प्रत्येक मुलाने दुसऱ्याची नळी उचलायची आणि सांगायचं, मी याच्या जागी असतो तर कुठे पळालो असतो. "रॉड्रिग्ज त्यांना पळायला शिकवायचा. मी एवढंच शिकवलं की दुसऱ्याला काय दिसतंय ते बघ."

क्षिप्रा लिहायची थांबली होती.

"आणि हा," मॅडम कोहनी निहारच्या दंडावर टिचकी मारली, "हा गोलमधून पुढेच यायचा नाही. मी ओरडायचे, निघ! पुढे ये! पण याला आधी खात्री लागायची."

"अजूनही?" क्षिप्राने विचारलं.

"ते तू सांग."

निहार घाईघाईने कोपी आणायला उठला. कोपी तिघांच्याही पुढ्यात होती.

त्यानंतर क्षिप्राला शाळेत वरचेवर कामं निघू लागली. भिंतीचा रंग बघायचा होता. मिस्टर समदांच्या मुलीने दिलेला फोटो दाखवायचा होता — मातीचं मैदान, अनवाणी पोरं, शिट्टी तोंडात धरलेले समद. मरीन परेडहून शाळा म्हणजे बेटाचं दुसरं टोक. पण प्रॅक्टिसच्या वेळीच ती पोचायची, आणि संपेपर्यंत तिचं काम संपायचं नाही.

"एमआरटीच्या गाडीत इतका वेळ बसून कंटाळा येत नाही?" एकदा त्याने विचारलं. पाऊस नुकताच थांबला होता. तो चोआ चू कांगला आईवडिलांकडे राहायचा. त्याचं घर शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, तरी तो तिच्याबरोबर स्टेशनकडे निघाला होता.

"वाचते मी."

"काय वाचतेस?"

तिला आठवेना. "तुम्ही आधी बँकेत होतात ना? ती नोकरी का सोडलीत?" तिनेच उलट विचारलं.

"चांगी बिझनेस पार्कमध्ये आमच्या ऑफिसच्या काचेतून खालचं मैदान दिसायचं. रिकामं. मला ते बघवायचं नाही." मग तो म्हणाला, "तू मला तुम्ही म्हणणं बंद करणार आहेस का?"

"सवय व्हायला वेळ लागेल... तुला."

तो चालायचा थांबला. ती थांबली नाही, पण हळू झाली.

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी मॅडम कोहचं नाव बाजूला सारलं. त्यांच्याकडे कोचचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि रॉड्रिग्ज सरांच्या कारकिर्दीत मध्येच खंड दाखवणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी क्षिप्रा मान डोलावून मोकळी झाली असती. त्या दिवशी ती उभी राहिली.

"शील्ड जिंकली तेव्हा सर हॉस्पिटलमध्ये होते, हे इथे कुणाला माहीत नाही?"

सगळ्यांना माहीत होतं.

"नाव वगळायचं असेल तर शील्डही भिंतीवरून काढू. नाहीतर मी ही भिंत करणार नाही. दुसरं कुणीतरी बघा."

नोकरी जाण्यासारखंच बोलली होती ती. बाहेर आली तेव्हा आपण असं बोललो याचं तिला जरा नवल वाटत होतं. शेवटी रॉड्रिग्ज सरांच्या विधवेने अध्यक्षांना फोन केला. सर स्वतः दर वर्षी त्या शील्डच्या तारखेला मॅडम कोहना केक पाठवायचे, असं त्यांनी सांगितलं. हा फोन त्यांना कुणी करायला लावला, ते निहारने कबूल केलं नाही. क्षिप्रानेही विचारलं नाही.

भिंतीचं उद्घाटन एका शनिवारी सकाळी झालं. मॅडम कोहनी आपल्या नावाकडे एकदा पाहिलं, "फॉन्ट लहान आहे," म्हणाल्या, आणि मग जुन्या मुलांच्या गराड्यात बराच वेळ डोळे पुसत उभ्या राहिल्या. माजी विद्यार्थ्यांचा सामना झाला. सगळे पांगल्यावर निहार ओल्या गवतावर तिच्याशेजारी येऊन बसला.

"मला मलेशियात, पेनांगला एका शाळेत काम मिळालंय," तो म्हणाला. "पूर्ण वेळ कोच. पुढच्या महिन्यापासून."

"छान," क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच आला.

"छान?"

"मग काय म्हणू?"

"थांब म्हण. तू म्हणालीस तर मी... क्षिप्रा, मला तू आवडतेस. अगदी त्या पहिल्या दिवसापासून. तू चष्मा पुसत होतीस तेव्हापासून. तू थांब म्हण, मी इथे काहीतरी शोधेन. बँकेत परत जाईन."

ती गवताची एक काडी मोडत राहिली. गावं सोडताना तिला कधी जड गेलं नव्हतं. माणसांना जाऊ देतानाही नाही. या माणसाला जा म्हणणं मात्र जड जात होतं.

"नाही म्हणणार," ती म्हणाली. "तुला काचेतून मैदान बघताना मला बघायचं नाही."

त्याने मान खाली घातली.

"आणि माझं पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच तू तोंड पाडू नकोस. पेनांगचं विमान दीडएक तासाचं आहे. मी एमआरटीने तुझ्या शाळेत येते त्यालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. शुक्रवारी संध्याकाळी सुटून मी येऊ शकते. मला यायचं आहे, निहार. मला — मलाही तू... कळलं ना?"

"नाही. नीट सांग."

"आवडतोस! झालं?"

मैदानाच्या पलीकडून कुणीतरी पोरगा ओरडला, "कोच, किस हर, ला!" दोघंही इतकी लाजली की बराच वेळ एकमेकांकडे पाहूच शकली नाहीत. त्याचा हात मात्र तिच्या हातावर आला होता, आणि तिने तो काढला नाही.

निहार गेला त्या दिवशी क्षिप्रा चांगी विमानतळावर पोचली, तर तिथे त्याची आई आधीच उभी. साधनाताई ट्रॉलीवरच्या बॅगा पुन्हा पुन्हा दाबून बघत होत्या.

"आई, ही —"

"माहीत आहे मला. दोन महिने घरात त्या भिंतीशिवाय दुसरा विषय नाही." त्यांनी क्षिप्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कधी जाते आहेस पेनांगला?"

क्षिप्रा गडबडली. "पुढच्या शुक्रवारी... म्हणजे, जमलं तर..."

"जमव." साधनाताईंनी पिशवीतून लाडवांचा मोठा स्टीलचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. "याच्या बॅगेत जागा नाही. हा तू घेऊन जा. आणि डबा परत आण हं, माझ्या घरी येऊन दे."

निहार दोघींकडे आळीपाळीने बघत होता. क्षिप्राने डबा छातीशी धरला. तो चांगलाच जड होता.

"हो, काकू," ती म्हणाली.