होम सिग्नलला उभी गाडी

हितेंद्र धुळ्याहून एरंडोलपर्यंत एसटीने आणि पुढे धरणगावला रिक्षाने आला, तो आईला बघायला. जळगावच्या डॉक्टरांनी पुष्पाबाईंना ‘आता घरीच ठेवा’ म्हणून परत पाठवल्याला आठवडा उलटून गेला होता, आणि याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मे महिन्यातली भर दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

आई आतल्या खोलीत डोळे मिटून पडली होती. वडील, म्हणजे रूपचंद नाना, बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेले. दाढी वाढलेली, बनियन घामाने अंगाला चिकटलेलं. हितेंद्रला रागच आला. बायको अशी पडलेली आणि म्हातारा गेम खेळतोय.

गेम हितेंद्रनेच बनवलेला होता, हे खरं. गाडी चालवण्याचा नव्हे, गाड्या सोडण्याचा. पडद्यावर स्टेशनं, रेघा, आणि रेघांवरून सरकणारे लाल पट्टे. एक पट्टा म्हणजे एक गाडी. कोणती थांबवायची आणि कोणती पुढे काढायची, एवढंच काम. हितेंद्रचा हट्ट एकच, सगळं अस्सल पाहिजे. नाना निवृत्त स्टेशन मास्तर, तेव्हा हक्काचा जाणकार घरातच होता. त्यांचं डोकं खाऊन खाऊन त्याने इथल्या मार्गाचे चढ-उतार, वळणं, हॉर्न, सगळं गेममध्ये उतरवलं होतं. खेळणारे लिहायचे, अगदी खरं वाटतं. मग स्वारी महिनाभर हवेत.

“नाना, जेवलात का?”

“बस आठे,” नाना पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “मी आंघोळ करी येस. ती गाडी दिसनी का? तिले सिग्नल देऊ नको.”

धरणगाव स्टेशनात शिरण्याआधी जो सिग्नल लागतो, होम सिग्नल, तिथे एक पट्टा उभा होता. प्रत्येक गाडीला नंबर असतो. हिला नव्हता.

“गेममध्येच काहीतरी गडबड असेल.”

“तुनी मायले घर आनं, त्या दिनथीन उभी शे ती.” नाना गुडघ्यांवर हात टेकत उठले. “मी आत येऊ देत नई, म्हनीसन तुनी माय अजून शे.”

जागरणाने माणसाचं डोकं फिरतं, हितेंद्रने मनाशी म्हटलं. नाना मोरीत गेल्यावर त्याने गेम बंद करून पुन्हा सुरू केला. पट्टा तिथेच. काढून टाकायला गेला, निघेना. त्याचा पाय आपोआप हलू लागला. उठला, बसला, पुन्हा उठला. द्यावी सोडून, म्हणजे नानांच्या डोक्यातलं खूळ तरी जाईल. बोट सिग्नलच्या बटणापर्यंत गेलंही. पण आतून आईचा श्वास ऐकू आला, खरखरीत, अडखळत, आणि बोट मागे आलं.

तेवढ्यात वीज गेली. कूलर घरघरत थांबला. ओल्या वाळ्याचा वास हळूहळू विरला आणि त्या जागी दुसराच आला, तापलेल्या लोखंडाचा, ब्रेक घासल्यावर येतो तसा. मग हॉर्न वाजला. लांबलचक, एकसुरी. लॅपटॉपचा आवाज तर बंद होता.

नाना ओल्या अंगानेच बाहेर आले.

“हॉर्न वाजना ना?”

“स्टेशनवरचा असेल, नाना...”

“मास्तर सिग्नल देत नई, तं डायवर आधी हॉर्न देस. तरी नई दिना, तं मानूस धाडी देस. पायी. याद देवाले.” त्यांचा आवाज अगदी खाली आला. “नियम शे तसा.”

हा एक नियम हितेंद्रने गेममध्ये घातला नव्हता. रेघांच्या पडद्यावर चालता माणूस दाखवणार कसा?

दारावर थाप पडली.

दाराबाहेर कोणीतरी धापा टाकत होतं.

“मास्तर,” बाहेरचा माणूस म्हणाला. आवाज नम्र होता, जरा कोरडा. “गाडी कधीची उभी आहे. आठवण द्यायला आलो.”

“लाईन खाली नाही,” नाना म्हणाले.

“कोण आहे लाईनवर...?”

लाईन रिकामी होती. रिकाम्या लाईनला भरलेली म्हणणं नानांना नोकरीभर जमलं नव्हतं, आताही जमेना.

“कोन शे रे दारवर?” आतून आईचा आवाज आला. घरी आणल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “उघड ना...”

हितेंद्रचा धीर सुटला. खोटं बोलता येत नसेल तर खरंच करून टाकू. त्याने घाईघाईने एक मालगाडी उचलून धरणगावच्या लाईनवर ठेवली. रेघ लाल झाली.

“मालगाडी आहे,” तो दाराकडे तोंड करून म्हणाला. “मालगाडी उभी आहे...”

मग वाचून दाखवावं तसा तो माणूस म्हणाला, “मालगाडी. ड्रायव्हर रूपाली. बरं. मग आधी तिला काढावं लागेल.”

आणि पावलं दूर गेली.

हितेंद्रने पडद्याकडे पाहिलं. अस्सल वाटावं म्हणून त्याने प्रत्येक गाडीला ड्रायव्हरचं नाव दिलं होतं, आणि नावं सुचेनात तेव्हा घरातली, मित्रांची घातली होती. गेम त्यातलं कुठलंही उचलायचा. रूपाली त्याची बायको. तिला दाखवलं तेव्हा ती हसली होती. घरची स्कूटी हातात देत नाही, आणि मालगाडी बरी दिली तुम्ही.

त्याने ती मालगाडी काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. त्याने धुळ्याला फोन लावला.

“अहो, मी आत्ता करणारच होते,” रूपाली म्हणाली. “आई कशा आहेत?”

“तू... ठीक आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय? थांबा हं, दारात कोणीतरी आलंय.” फोन बाजूला गेला, परत आला. “रेल्वेतला दिसतोय. पाणी मागतोय.”

“रूपाली, दार उघडू नको.”

“असं काय करता? एवढ्या उन्हात पायी आलाय बिचारा. तांब्याभर पाणी देते आणि करते तुम्हाला फोन.”

त्याने पुन्हा लावला. फोन नुसता वाजत राहिला. आतल्या खोलीत आई उठून बसली होती. नाना तिच्या उशाशी उभे राहून लहान मुलासारखे रडत होते.

“हितू,” आई म्हणाली, “माले भूक लागनी रे.”