वारा पडेपर्यंत

निलायनं ती चार चाकांची बाईक पुढे न्यायला म्हणून अंगठ्यानं कळ दाबली, आणि बाईक गेली मागे. मागे जिरॅनियमच्या कुंड्यांची रांग होती. खळ्ळकन आवाज झाला, लाल पाकळ्या उडाल्या, आणि तिनं दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.

“वा! सुरुवात तर झोकात झाली,” कुणीतरी म्हणालं.

तिनं डोळे उघडले. समोर एक उंच तरुण उभा होता. धुळीनं मूळ रंग हरवलेला रुमाल गळ्यात, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, आणि चेहऱ्यावर... हसू दाबताना होते ना, तशी गमतीदार ओढाताण.

“रिव्हर्सवर होती,” ती पुटपुटली.

“हो. कुंडीलाही ते आत्ताच कळलं.”

“मी नवी आणून देते...”

“छे, राहू दे. बरेच दिवस इथं काही घडलं नव्हतं.” त्यानं वाकून गिअर नीट करून दिला. “मी याल्चिन. आजचा तुमचा वाटाड्या.”

“याल्चिन म्हणजे उभा कडा ना? कड्यावरून नेणाऱ्या माणसाचं असं नाव... काही धीर येत नाही हं!”

“आजोबांनी ठेवलंय. त्यांना कुठं ठाऊक, नातू पुढे हे धंदे करणार आहे ते! आणि आपण?”

“निलाय.”

“काय करता, निलाय हानम?” ‘हानम’, म्हणजे बाईसाहेब, त्यानं मुद्दाम अदबीनं जोडलं. “म्हणजे – कुंड्या फोडत नसता तेव्हा?”

ती जराशी घुटमळली. “बलून उडवते.”

तो बघतच राहिला. “माणसं बसवून?”

“बलूनला रिव्हर्स नसतो,” ती शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली.

मग मात्र त्याचं हसू फुटलंच. असं मोकळं, मान मागे टाकून हसलेलं हसू तिनं कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. तिलाही हसू आलं, आणि कानही उगाच गरम झाले.

तुर्कस्तानातल्या या गोरेमेत ऑक्टोबर संपत आला की वाऱ्याचं काही खरं नसतं. खाली पॉपलरचं पानसुद्धा हलत नाही, आणि वर तो नुसता उधळलेला असतो. गेले कित्येक दिवस पहाटेची सगळी उड्डाणं रद्द होत होती. निलाय एस्किशेहिर शहरातली. वसंतात नोकरीवर रुजू झाली, सगळा हंगाम या दऱ्यांवरून तरंगली, पण दरीत पाय म्हणून ठेवला नव्हता. पहाटे वर जायचं, उतरायचं, घरी येऊन झोपायचं. शेवटी आज घरमालकिणीनं तिला हाताला धरून उठवलं. “पोरी, छताकडे बघून वारा पडत नाही. ऊठ, जरा धूळ खाऊन ये!”

आणि वाऱ्यामुळे पाहुणेही पांगले होते. त्या संध्याकाळच्या फेरीला निलायखेरीज फक्त एक जोडपं होतं – दूर समुद्रकाठच्या ओर्दूचे नुसरेतकाका आणि पेरिहानकाकू. काकांनी उभा जन्म एस.टी.सारखी लांब पल्ल्याची बस चालवली होती, त्यामुळे याल्चिन बाईक समजावून सांगू लागताच त्यांनी हात झटकला.

“मला शिकवतोस होय? बर्फातून घाट उतरलोय मी, बर्फातून!”

“आणि घरच्या गेटाला दोनदा ठोकलीय, तेही सांगा,” मागच्या सीटवर चढता चढता काकू म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर हेझलनटची भलीमोठी पिशवी होती.

निघाले. पुढे याल्चिन, मधे निलाय, मागे काका-काकू.

गावातली धुराडी मागे पडली. अंगणाअंगणात द्राक्षांची काकवी उकळत होती, तिचा दाट गोड वास वेशीपर्यंत सोबत आला. मग तलवार दरीचे उभे सुळके दोन्ही बाजूंनी आले, आणि निलायनं मान वर केली. वरून हेच सुळके कसे बोटभर दिसायचे! इथं ते आभाळाला टेकले होते. बाईक दणके देत होती, दातांवर धूळ करकरत होती.

तिचे डोळे मात्र सारखे पुढे जात होते.

तो बाईक चालवत होता म्हणायचं तरी कसं? चढ आला की उभा राहायचा, वळण आलं की अंग सोडून द्यायचा. जणू वाटच त्याला वळवून घेत होती. आणि दर थोड्या वेळानं मान मागे वळवून आधी तिला बघायचा, मग काका-काकूंना. एका ठिकाणी त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वाटेत तित्तिर पक्षी रांगेनं रस्ता ओलांडत होते. शेवटचा पक्षी झुडपात शिरेपर्यंत तो इंजिन बंद करून बसून राहिला. घाई नाही, हॉर्न नाही.

“भीती वाटतेय?” त्यानं विचारलं.

“मला? मी ढगांत जाते.”

“मग हँडलचा गळा कशाला आवळलाय?”

तिनं बोटं सैल केली. तो हसला... फक्त डोळ्यांनी. आणि निलायला वाटलं, सूर्य बुडायला अजून वेळ आहे ते बरंच आहे.

गुलाब दरीच्या माथ्यावर सूर्यास्त बघायला थांबायचं असतं. ते पोचले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. याल्चिननं इंजिन बंद करून मागे पाहिलं – आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

मागे कुणीच नव्हतं.

“फाट्यापर्यंत होते...” निलाय म्हणाली.

त्यानं हाक मारली. दरीनं ती हाक परत पाठवली. फोन लावला; दरीत कुणाचा फोन लागतो!

“फाट्याला डावीकडे मेंढ्यांच्या वाटाच वाटा आहेत. कुठली धरली असेल म्हाताऱ्यानं?” तो स्वतःशीच बोलत होता. “अंधार पडायच्या आत सापडले पाहिजेत.”

निलायनं डोळे मिटले. पहाट आणली डोळ्यांपुढे. बलूनची टोपली फाट्यावरून सरकतेय... खाली पॉपलरची पिवळी ओळ... आणि डावीकडे – “तिकडे एक पांढरी पट्टी आहे! रुंद, सपाट. वरून अगदी रस्ता वाटते. जरा पुढे वळते आणि... एकदम संपते. खाली कबुतरांच्या भोकांचा कडा.”

याल्चिननं तिच्याकडे पाहिलं. “कोरडा ओढा! बसवाल्याला रस्ता वाटेल असा तोच. उन्हाळ्यात तिथं दरड कोसळलीय... चला!”

परतीचा उतार ती कशी उतरली, तिचं तिलाच कळलं नाही. त्याच्या धुळीचा लोट दिसत होता, तेवढाच रस्ता होता तिला.

ओढ्याच्या वळणावरच काकूंचा आवाज आला. “सोडू नका ब्रेक! जन्मभर माझं ऐकलं नाहीत, निदान आज ऐका!”

बाईकचं पुढचं एक चाक कड्याबाहेर, हवेत लोंबकळत होतं. काका पांढरेफटक होऊन दोन्ही मुठींत ब्रेक आवळून बसले होते. काकू मागची लोखंडी जाळी धरून, टाचा रोवून, सगळं वजन मागे टाकून उभ्या होत्या. भोवती हेझलनट सांडले होते.

याल्चिन पळाला नाही की ओरडला नाही. स्वतःची बाईक आणून त्यानं दोराचं एक टोक त्या बाईकला, एक टोक काकांच्या बाईकला बांधलं. “निलाय हानम, तुम्ही काकूंबरोबर जाळीवर बसा. पूर्ण वजन टाकून.” मग तो कड्याच्या बाजूनं पुढे सरकला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काका, आपला स्टॉप आला. उतरायचं, पण आरामात. मागचं दार उघडंच आहे.”

काकांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. त्यांची आखडलेली बोटं त्यानं एकेक करून सोडवली, ब्रेक स्वतःच्या मुठीत घेतला. काका मागे सरकले, उतरले, आणि मातीत मटकन बसले.

त्याच क्षणी निलायला ते दिसलं. याल्चिनच्या पावलामागे केसाएवढी बारीक रेघ... आणि ती रुंद होत होती.

“याल्चिन, मागे हो! पाय काढ तिथून, आधी पाय काढ!”

तिनं झेप घेऊन त्याचा पट्टा धरला आणि ओढला. दोघं एकमेकांवर आदळत मागे कोसळले, आणि जिथं तो उभा होता तो कडेचा तुकडा गडगडत खाली गेला. दरीतून शेकडो कबुतरं फडफडत वर आली. बाईक हिसका बसून दोरावर थांबली.

तिची मूठ अजून त्याच्या पट्ट्यावरच होती.

मग काकूंनी काकांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, रडल्या, आणि लगेच भांडायलाही लागल्या. “आमच्यापायी पोरांचा सूर्यास्त बुडाला!”

“नाही, काकू,” याल्चिन म्हणाला. “मागे बघा.”

माथ्याआड गेलेला सूर्य दरीच्या एका फटीतून आडवा आत आला होता. समोरचा अख्खा कडा आधी गुलाबी झाला, मग जर्दाळूसारखा पिवळसर, मग पिकल्या द्राक्षाचा रंग खाली खाली झिरपत गेला. कबुतरं परतत होती, तेव्हा त्यांच्या पंखांच्या कडा तेवढ्या पेटायच्या आणि विझायच्या. हंगामभर वरून पाहिलेली दरी... ती आतून अशी होती तर!

याल्चिन कड्याकडे बघत होता. निलाय त्याच्याकडे.

“मघाशी,” तो समोरच बघत हळूच म्हणाला, “तुम्ही मला ‘पाय काढ’ म्हणालात.”

“मग? तुम्ही खाली चालला असताना ‘कृपया पाय काढता का’ म्हणत बसू?”

“तक्रार नाही हो... एवढंच विचारत होतो, आता परत ‘तुम्ही’वर जायचं का?”

तिनं केसांतली माती झटकली. “बलूनला रिव्हर्स नसतो – मघाशीच सांगितलं ना तुला.”

बाईक ओढून काढली, पण ती चालवण्यासारखी नव्हती. काकांनी मुकाट्यानं निलायची बाईक घेतली. “आणि हिला घे रे बाळा तुझ्या मागे,” काकूंनी फर्मावलं. “आमच्या ह्यांच्या मागे एकच बाई बसते, आणि तिचंही काही खरं नाही.”

संधिप्रकाशात ते परतले. तिनं आधी मागची जाळी धरली होती. पहिल्या खड्ड्यानंतर त्याचं जाकीट धरलं.

“वरून आम्ही कसे दिसतो गं?” त्यानं विचारलं.

“ठिपक्यांसारखे. बलून दरीत खाली आला की माणसं दिसतात. पहाटेच्या फेऱ्यांत एकजण असतो, सगळ्यांत पुढे... सारखा मान वळवून मागच्यांना बघणारा. मी टोपलीतल्या पाहुण्यांना दाखवायचे, म्हणायचे, बघा, चांगला मेंढपाळ आहे.”

तो म्हणाला, “मेंढपाळ!”

“चांगला म्हटलं ना...”

त्याच्या पाठीला हसण्याचे हेलकावे बसत होते. तिला ते गालाला जाणवले – गाल केव्हा टेकला होता कोण जाणे.

तिच्या घराच्या फाटकाशी उतरताना तिनं सांगून टाकलं. लपवणं तिला जमत नसे. “हिवाळ्यासाठी मला केनियातून बोलावणं आलंय. गवताळ रानांवरून उडायचं, खाली हत्तींचे कळप. लहानपणापासूनचं स्वप्न आहे माझं.”

त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “हत्ती... मग जायलाच हवं.” आणि थोड्या वेळानं, “उद्याही वारा आहे म्हणतात. येशील?”

वारा होता. ती आली. परवाही होता. दोघं कधी बाईकवरून, कधी पायी, दऱ्या धुंडाळत राहिले. त्यानं तिला झऱ्याचं पाणी ओंजळीत कसं धरायचं ते दाखवलं, तिनं त्याला ढगांवरून उद्याचा वारा वाचायला शिकवलं. एका दुपारी त्याच्या आईनं तिला घरात ओढून नेलं आणि गरम रोटीवर काकवी ओतत राहिली – “खा गं, उडून जाशील अशानं!” बलूनवाले सगळे वाऱ्याला शिव्या देत होते. निलाय उशीत तोंड खुपसून देवाला विनवत होती, अजून एक दिवस... फक्त एक.

केनियाबद्दल त्यानं पुन्हा अवाक्षर काढलं नाही. जा म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. आणि हेच तिला सगळ्यांत जास्त आवडत होतं... आणि हेच छळतही होतं.

मग एका संध्याकाळी वारा पडला. निरोप आला, पहाटे उड्डाण. ती तशीच, शाल ओढून, धावत सुटली.

याल्चिन अंगणात पाण्याच्या नळीनं बाईक धूत होता. तिला बघून त्यानं नळी खाली सोडली.

“वारा पडला,” तो म्हणाला. “अभिनंदन.”

“असं तोंड करून अभिनंदन करतात?”

“मग कसं करू? तुला थांब म्हणायला जीभ वळवळतेय माझी. आणि म्हणायचं नाहीये. ज्या बाईला आभाळ आवडतं तिला मी... अंगणात बांधून घालू?”

“मी केनियाला हो म्हणून आलेय.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. पायानं नळी उगाच बाजूला सारली.

“हिवाळाभर. वसंतात इथलं काम सुरू होतं, त्यालाही हो म्हणून आलेय.” ती एक पाऊल पुढे आली. “ऐक ना, याल्चिन. बलून उडवणाऱ्याला उतरायची जागा ठरवता येत नाही. वारा नेईल तिथं उतरायचं – कुणाच्या शेतात, कुणाच्या मळ्यात. आजवर मी तशीच जगले. पण आता पहिल्यांदाच... जागा मी ठरवलीय.”

“कुठली?”

“तू आहेस ती.”

पाणी दोघांच्या पायांत वाहत होतं. नळ बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

“इथं उतरायला परवानगी लागते,” तो अखेर म्हणाला.

“कुणाची?”

“आईची.”

“मग विचार की!”

“रोटी खाऊन तू निघालीस, तेव्हाच विचारलं. ती म्हणाली, आधी त्या पोरीला विचार, गाढवा...” त्यानं हात पुढे केला आणि तिच्या गालावरची धूळ पुसली. हात ओला होता. धूळ गेली नाही, तिचा चिखल झाला, हनुवटीपर्यंत पसरला. तो घाबरून दुसऱ्या हातानं पुसायला लागला, तर दुसरा गालही माखला.

“राहू दे,” निलाय म्हणाली, आणि त्याचे दोन्ही हात तिनं तिथंच, गालांवर, धरून ठेवले.